गोट्यांची खतावणी



यंदा पाच महिने मुलीकडे अमेरिकेत राहून आले. आल्यापासून मंदिरात म्हणा, भिशीत म्हणा, एकच प्रश्न, "काय काय पाहिलंत?" नायगारा पाहिला, तो सगळेच पाहतात. त्याहून वेगळं असं मी तिकडे एकच केलं. काचेच्या जुन्या गोट्या ओळखायला शिकले. हे ऐकून आमच्या नणंदबाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "वहिनी, या वयात गोट्या?" म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं. कारण त्या गोट्यांपायी घरात असा एक प्रश्न उभा राहिला, की त्याचं उत्तर शोधताना मला बी.कॉम.चा अभ्यास आणि पाठशाळेतले धडे, दोन्ही आठवावे लागले.

मुलगी ओहायो राज्यात राहते, कोलंबस शहराजवळ. नातू अकरा वर्षांचा. त्याला यंत्रावर बनलेल्या जुन्या गोट्या जमवायचा नाद आहे. तिकडे हा मोठ्या माणसांचाही छंद आहे. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, गोट्यांचे मेळावे भरतात, एकेका गोटीसाठी लोक पैसे मोजतात.

शेजारी एक आजी राहतात, ८६ वर्षांच्या. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. मोठं घर विकून त्या आता लेकीजवळ लहान घरात जाणार, म्हणून आवराआवर चालली होती. एक दिवस कॉफीचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत यजमानांच्या लहानपणच्या गोट्या. कुणीतरी सगळा डबा चाळीस डॉलरला मागितला होता. आजी नातवाला म्हणाल्या, "तुला यातलं कळतं. कुठली काय आहे ते मला सांग, आणि मेहनतीबद्दल तुला आवडतील त्या दहा ठेवून घे."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा पेच त्यातूनच निघाला.

ओहायो आणि गोट्या

आधी थोडा इतिहास सांगते, कारण तो कळल्याशिवाय गोटी ओळखता येत नाही. काचेच्या गोट्या पूर्वी हाताने व्हायच्या, मुख्यतः जर्मनीत. लाउशा नावाच्या गावात १८४० च्या दशकात गोटी कापायची खास कात्री निघाली आणि तिथून त्या जगभर जाऊ लागल्या. ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात १८८० च्या दशकात मातीच्या गोट्यांचे कारखाने निघाले. मग त्याच शहरात मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सेन यांनी काचेची गोटी गोल करणारं यंत्र बनवलं. त्याचं पेटंट १९०५ चं.

यंत्राची कल्पना आपल्याला चटकन कळेल. लाडू वळताना आपण मिश्रण दोन तळव्यांत फिरवतो आणि ते सगळीकडून सारखं गोल होतं. तसंच हे. वितळलेल्या काचेचा लहान गोळा फिरत्या खाचांमध्ये पडतो आणि फिरता फिरता गोल आणि घट्ट होतो. पुढच्या यंत्रांत लांब जोडरूळ आले, त्यांवर स्क्रूसारखे आटे. गोळा एका टोकाला पडायचा आणि दुसऱ्या टोकाला गोटी होऊन बाहेर यायची.

अ‍ॅक्रनमध्येच अ‍ॅक्रो अ‍ॅगेट ही कंपनी निघाली. काचेच्या भट्टीला रात्रंदिवस गॅस लागतो. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात नैसर्गिक गॅस स्वस्त आणि काचेला लागणारी वाळूही चांगली, म्हणून १९१४ मध्ये कंपनी तिथल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ पर्यंत चालली. तिच्या खोक्यावर एक कावळा आहे. इंग्रजी 'ए' अक्षरातून उडणारा, चोचीत आणि पायांत गोट्या धरलेला. याच कंपनीने काचेची खेळभांडीही केली. मुलींच्या भातुकलीचे कपबशा, किटली, ताटल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी खेळभांडी यायची बंद झाली, तेव्हा यांची भांडी फार खपली. मला गोट्यांपेक्षा आधी त्याच भांड्यांचे फोटो आवडले, हे खरं सांगते.

वही कशी आखली

नातवाची पद्धत अशी की गोटी हातात घेतली की आधी नाव ठोकायचं. "आज्जी, ही अ‍ॅक्रो! ही पण अ‍ॅक्रो!" नारिंगी पट्टा दिसला की अ‍ॅक्रो. मी त्याला म्हटलं, बाळा, असं हिशेबात चालत नाही. आधी व्हाउचर, मग नोंद, मग खतावणी. पुरावा नसताना खात्यावर रक्कम टाकली तर ऑडिटर विचारणारच.

मग जुनी शंभरपानी वही घेतली आणि उभे रकाने आखले. अनुक्रमांक, माप, पारदर्शक की अपारदर्शक, रंग, नक्षी, खुणा, अवस्था. आणि शेवटचा रकाना बनवणाऱ्याचा. त्या रकान्यात तीनच शब्द चालतील असं ठरवलं. नक्की, बहुधा, माहीत नाही. आधीचे सगळे रकाने भरल्याशिवाय शेवटच्याला हात लावायचा नाही.

आम्ही संध्याकाळी बसायचो. ओहायोत जूनमध्ये सूर्य मावळायला नऊ वाजतात. दिवसाउजेडी जेवण उरकून पुन्हा तासभर चांगला उजेड मिळायचा. गोट्या बघायला खिडकीतला उजेडच हवा, पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतात.

तुमच्यापैकी कुणाच्या परदेशातल्या नातवंडांना हा छंद असेल, म्हणून आम्ही काय काय तपासलं ते क्रमाने सांगते.

पहिलं, धुणं. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ फडकं. कढत पाणी नाही, थंड-गरम खेळ नाही, काच तडकते. घासून चकाकी आणायला तर मुळीच जायचं नाही. पॉलिश केलेल्या गोटीवरची मूळ काचेची कातडी निघून जाते, आणि जाणकार तिची किंमत कमी धरतात. चांदीचं भांडं घासतो तसं हे नाही.

दुसरं, दांड्याची खूण. हाताने केलेली गोटी काचेच्या कांडीवरून कापून काढतात, त्यामुळे तिच्या टोकाला खरखरीत किंवा घासून सपाट केलेला एक ठिपका राहतो. तो दिसला तर गोटी यंत्राची नाही, वेगळी ठेवायची. आमच्या डब्यात अशी एकही नव्हती.

तिसरं, माप. नेहमीची खेळायची गोटी ५/८ इंच, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. अर्ध्या इंचाची आणि त्याहून लहान ती पीवी. पाऊण इंच आणि वरची ती नेम मारायची मोठी. जावयांच्या अवजारांच्या पेटीतलं कॅलिपर आम्ही ताब्यात घेतलं होतं.

चौथं, नक्षी आणि सांधा. खरी ओळख इथे होते. काच कशी ओतली, कशी कापली, कशी पिळली, याची खूण गोटीवर राहतेच. चपातीवरून लाटणारीचा हात ओळखावा तसं.

कुणाचा हात कसा ओळखायचा

क्रिस्टेन्सेन यांच्या सुरुवातीच्या कारखान्यात कारागीर लोखंडी सळीवर वितळलेली काच घेऊन तिची धार सोडायचा आणि ती कापून यंत्रात टाकायचे. सळी फिरवत धार सोडल्यामुळे गोटीच्या एका टोकाला पांढऱ्या रेषेचा इंग्रजी ९ सारखा आकडा दिसतो, आणि दुसऱ्या टोकाला कापल्याची शेपटी. रंगीत पारदर्शक काचेत पांढरे लोट असलेल्या या गोट्यांना स्लॅग म्हणतात. पुढे बऱ्याच कारखान्यांनी स्लॅग केल्या. म्हणून नुसती स्लॅग दिसली की क्रिस्टेन्सेन असं म्हणायचं नाही, ९ आणि शेपटी दोन्ही दिसायला हवेत.

अ‍ॅक्रोची ठळक ओळख म्हणजे कॉर्कस्क्रू. रंगाचा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोल जिन्यासारखा चढत जातो आणि वाटेत दुसऱ्या पट्ट्याला छेदत नाही. काचेची धार कापायच्या आधी यंत्रातच पिळली जायची, त्याचा हा परिणाम. नातवाच्या नारिंगी 'अ‍ॅक्रो'पैकी निम्म्यांत पट्टा मध्येच फाटत होता, दुसऱ्यात मिसळत होता. त्या त्याने स्वतःच खोडल्या.

अ‍ॅक्रोच्या काही गोट्यांत गर्द काळसर लाल रेघ असते. तिला तिकडे ऑक्सब्लड म्हणतात, म्हणजे बैलाचं रक्त! माझ्या हातून वहीत ते नाव उतरेना. मी लिहिलं, जुन्या चिंचेच्या रंगाची लाल, आत काळे धागे. नातू म्हणाला, "आज्जी, हे कुणालाच कळणार नाही." मी म्हटलं, रंग तर कळेल ना? मग त्याने शेजारी कंसात त्यांचं नाव लिहिलं. दोघांचं समाधान झालं.

इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावची पेल्टियर कंपनी वेगळी. तिच्या रेनबो गोट्यांवर चार किंवा सहा फिती असतात, दोन बाजूंच्या सांध्यांपाशी त्या थांबतात, आणि फितींच्या कडा पिसासारख्या मऊ दिसतात. पांढऱ्यावर लाल आणि हिरवी फीत असेल तर ख्रिसमस ट्री, पांढऱ्यावर लाल-निळी असेल तर लिबर्टी, फिकट निळ्यावर लाल-पिवळी असेल तर सुपरमॅन. ही नावं बहुतेक संग्राहकांनी नंतर पाडलेली आहेत.

मार्बल किंग कंपनी १९४९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात सुरू झाली. तिच्या गोट्यांवर रंगाचे रुंद ठिगळ आणि पट्टे आलटून पालटून कमरपट्ट्यासारखे असतात. काळा-पिवळा असेल तर बंबलबी, म्हणजे भुंगा. पण पेल्टियरचीही एक बंबलबी आहे, पिवळ्या अंगावर काळ्या बारीक फितींची, आणि त्या काळ्यात कधी कधी अभ्रकासारखी चमक असते. रंग दोन्हींत तेच, पण कारखाने दोन. नुसत्या रंगावर विसंबणारा इथे हटकून फसतो.

आणि मांजरडोळा. पारदर्शक काचेत रंगीत पाकळ्या. आपण लहानपणी अंगणात खेळायचो त्या बहुतेक याच जातीच्या. ही तऱ्हा १९५० च्या दशकात जपानहून अमेरिकेत आली आणि इतकी खपली, की तिथल्या कंपन्यांनाही मांजरडोळे काढावे लागले. डब्यात सगळ्यात जास्त याच होत्या, म्हणजे डब्यात नंतरच्या वर्षांचीही भर पडत गेली होती.

एक हिरवट साधी गोटी निघाली, ती मी न बघता ओळखली असती. गोटी सोड्याच्या बाटलीतल्यासारखी! ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाची, पेटंट १८७२ चं. नातवाला मी गोटी सोड्याचा तो 'फस्स' आवाज करून दाखवला. त्याला अजून खरा सोडा पाजायचा राहिला आहे. पण नोंद करताना तिलाही 'माहीत नाही' हाच शेरा दिला, कारण साध्या हिरव्या गोटीवर कुठलाच हात दिसत नव्हता.

पाचवं, अवस्था. भिंगातून बघायचं. आदळलेल्या गोटीच्या आत चंद्रकोरीसारखी चमकती चीर दिसते. कडेला टवका असेल तर बोटाला लागतो. पण काचेची घडी किंवा थंड होताना पडलेली सुरकुती ही मुळातलीच असते, तो खेळल्याचा मार नव्हे. दोन्हींसाठी वेगळे शब्द लिहायचे.

अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरीही नातवाकडे होती. काही जुन्या काचेत युरेनियम असतं, ती त्या प्रकाशात हिरवी चमकते. मुलांना फार मजा वाटते. पण चमकली म्हणजे अमुक कारखान्याची, असं होत नाही. तो रंगाच्या रकान्यातला एक शेरा, बस.

तीन आठवड्यांत वही पूर्ण झाली. एकूण १३७. मांजरडोळे ५४, एकरंगी २६, स्लॅग १९, कॉर्कस्क्रू ११, पेल्टियरच्या फितीच्या ८, मार्बल किंगच्या ६, माहीत नाही १२. ही झाली १३६. बेरीज जुळायला एक राहिली.

एकशे सदतिसावी

ती निळी होती. गर्द निळी, पारदर्शक, ५/८ इंच. तिच्या अंगावर पिवळे, लाल, हिरवे, पांढरे ठिपके ताणून पसरलेले. नातवाने ती दुसऱ्याच दिवशी बाजूला काढून ठेवली होती आणि माझ्यापाशी आणायला चार दिवस लावले.

ओहायोत क्रिस्टेन्सेन अ‍ॅगेट नावाची एक कंपनी होती. यंत्रवाल्या क्रिस्टेन्सेनांचं फक्त नाव होतं तिला, कारखाना वेगळाच. १९२५ मध्ये पेन गावी सुरू झाली, १९२७ मध्ये केंब्रिज गावी गेली, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. म्हणजे मोजकी वर्षं. तिच्या ठिपक्यांच्या गोटीला गिनी म्हणतात, गिनी फाऊल या ठिपकेदार पक्ष्यावरून. यंत्राच्या गोट्यांमध्ये गिनीला मोठा मान. चांगली असली तर शेकडो डॉलर मिळतात. आणि म्हणूनच तिच्या नकलाही झाल्या आहेत.

आम्ही भिंग घेऊन बसलो. ठिपके फक्त वरच्या थरात होते, आत उतरले नव्हते. दांड्याची खूण नव्हती. टोकाला कापल्याचा सांधा होता. शेजारच्या आजी गप्पांत म्हणाल्या होत्या, की यजमानांना बऱ्याच गोट्या थोरल्या भावाकडून मिळाल्या आणि ते कुटुंब केंब्रिजच्या बाजूचं. मी ते वहीत लिहिलं, पण 'ऐकीव' असा शेरा मारून. सांगोवांगी हा आधार होऊ शकतो, पुरावा नाही. शेवटच्या रकान्यात शब्द आला, बहुधा.

नातू हळूच म्हणाला, "आज्जी, त्या म्हणाल्या ना कुठल्याही दहा घे. मी ही घेणार. त्यांना नाव कशाला सांगायचं?"

मुलगी चहा गाळत होती. तिलाही त्यात वावगं वाटलं नाही. "आई, त्यांनी स्वखुशीने दिलंय. आपण मागितलं नाही, खोटं बोललो नाही. यात चुकीचं काय?"

मी लगेच काही बोलले नाही. रात्री विचार करत पडले. कॉलेजात मर्कंटाइल लॉ शिकताना १८७२ चा भारतीय करार कायदा पाठ केला होता. त्यात स्पष्ट आहे, नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. त्या हिशेबाने मुलगी बरोबर होती. पण त्याच कलमाला पुढे एक अपवाद जोडलेला आहे. परिस्थितीच अशी असेल की बोलणं त्या माणसाचं कर्तव्य ठरावं, तर गप्प राहणं हीसुद्धा फसवणूक. आणि आजींचं वाक्य आठवा. "कुठली काय आहे ते मला सांग" हे आधी, "दहा घे" हे नंतर. सांगणं हे आपलं काम होतं, दहा गोट्या ही त्या कामाची मजुरी. काम अर्धं ठेवून मजुरी पूर्ण कशी घ्यायची?

हे झालं कायद्याचं. आपल्याकडे हे अजून बारीक सांगितलं आहे. अचौर्य अणुव्रत म्हणजे न दिलेलं न घेणं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. आजींनी दहा गोट्या दिल्या होत्या, पण गिनी दिली होती का? त्यांच्या मनात काचेचा एक निळा गोळा होता. देणाऱ्याला जे ठाऊकच नाही ते त्याने दिलं, असं कसं म्हणायचं? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपवणं. दुसरा मापात कमीजास्त करणं. पाठशाळेत आम्हाला दुधात पाणी आणि वजनात दगड ही उदाहरणं द्यायचे. मला त्या रात्री वाटलं, अस्सल गोष्ट ओळखूनही ती साधी म्हणून उचलणं हे त्याच मापाचं दुसरं टोक. देताना वाढवून सांगू नये, तसंच घेताना कमी करून सांगू नये.

सकाळी नातवाला हे माझ्या भाषेत सांगितलं. त्याने विचारलं, "मग त्या देणार नाहीत तर?" मी म्हटलं, न देवोत. पण दिली तर ती तुझी होईल. आत्ता घेतलीस तर ती नुसती तुझ्या डब्यात असेल.

तो दोन दिवस माझ्याशी तुटक वागला. तिसऱ्या दिवशी वही काखेत मारून स्वतःच म्हणाला, "चल."

आजी काय म्हणाल्या

आजींनी वही पहिल्या पानापासून वाचली, अगदी चष्मा लावून. निळ्या गोटीपाशी नातवाने सांगितलं, ही बहुधा गिनी आहे, नक्की नाही, जाणत्या माणसाला दाखवावी लागेल, आणि खरी निघाली तर सगळ्या डब्याचे चाळीस डॉलर हे काहीच नाहीत. आजींनी गोटी हातात घेतली. जरा वेळाने म्हणाल्या, "ही ते कधी खेळायला काढत नसत. मुलांनासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. मी विसरलेच होते."

त्यांच्या परवानगीने जावयांनी ती गोट्यांच्या मेळाव्यात नेऊन एका जुन्या संग्राहकाला दाखवली. त्याने खरी असल्याचं सांगितलं. एका बाजूला बारीक टवका आहे, तो आमच्या वहीत आधीच लिहिलेला होता. शेवटच्या रकान्यातलं 'बहुधा' खोडून नातवाने 'नक्की' लिहिलं आणि खाली तारीख घातली.

आजींनी गोटी विकली नाही, आणि नातवालाही दिली नाही. त्यांचा धाकटा मुलगा दूर कॅलिफोर्नियात असतो. वडिलांचं घड्याळ थोरल्याला गेलं, हत्यारांची पेटी लेकीकडे. धाकट्याने काही मागितलं नाही आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. ती निळी गोटी आणि वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स त्यांनी त्याला पाठवली. बाकी डबा नीट वर्गवारी करून विकला गेला, तो चाळिसाहून बऱ्याच जास्त रकमेला.

नातवाने त्याच्या दहा घेतल्या. दोन कॉर्कस्क्रू, एक लिबर्टी, एक भुंगा, एक स्लॅग, तीन मांजरडोळे आणि दोन 'माहीत नाही'. मी विचारलं, या दोन कशाला? म्हणाला, "पुढे कळेल ना कधीतरी." मला ते उत्तर फार आवडलं.

तो खट्टू झाला नाही असं म्हणणार नाही. झालाच. मेळाव्यात दुसऱ्या मुलाच्या ट्रेमध्ये गिनी बघून त्याचा चेहरा उतरला, असं जावई सांगत होते. अकरा वर्षांचं पोर आहे, त्याला लगेच आनंद झाला पाहिजे असा माझा आग्रह नव्हता.

संग्रह आणि परिग्रह

तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, की काकू, आपण अपरिग्रह सांगायचा आणि नातवाला गोट्या जमवायला शिकवायचं, हे कसं? प्रश्न रास्त आहे. आपण श्रावक, साधू नव्हे. आपल्याला परिमाण सांगितलं आहे, मर्यादा. म्हणून त्याच्यासाठी एक लाकडी ट्रे ठरवला. साठ खाने. एकसष्ठावी आली की एक कुणाला तरी द्यायची, आणि देताना तिचं नाव, तिचा टवका, सगळं सांगून द्यायची. त्यामुळे तो आता एक गोटी घेताना दहा वेळा बघतो. जमवण्यापेक्षा ओळखण्यात त्याचा वेळ जास्त जातो.

आपल्या घरातही असे डबे असतात. सासूबाईंची पितळी भांडी, आजेसासऱ्यांची जुनी नाणी, देव्हाऱ्यातली एखादी झिजलेली मूर्ती, कुणाचं तरी जरीचं लुगडं. पर्युषणाच्या आधी, दिवाळीच्या आधी आपण आवरतो, आणि भंगारवाल्याला किंवा मोलकरणीला उचलून देतो. द्यावंच, साठवून काय करायचं आहे? पण एक संध्याकाळ काढून आधी वही आखा. काय आहे, केवढं आहे, कुणाचं होतं, कुठे मोडलं आहे. जे नक्की माहीत नाही तिथे तसं लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, वस्तू हातात द्या, आठवणी आपोआप येतील. मग द्या, वाटा, विका, काय हवं ते करा.

आणि दुसऱ्याच्या घरची वस्तू ओळखायची वेळ आली, तर आधी ओळख सांगा, मग हात पुढे करा.

तुमच्या माळ्यावर काय काय निघतं ते मला जरूर कळवा. जय जिनेंद्र.